यातलं डीटरचं कुठलं?

गॅलरीत लोक हळू आवाजात बोलतात, आणि हळू बोललेलंच सगळ्यांना नीट ऐकू येतं. मी शिकागोतल्या एका लहानशा गॅलरीत फ्रंट डेस्कला बसते. बसल्या बसल्या किस्से साठत जातात, स्वयंपाकघरातल्या रिकाम्या डब्यांसारखे. ठेवायला जागा नाही आणि टाकवतही नाहीत! त्यातले एकाच प्रदर्शनाचे तेवढे आज सांगते. हसू आलं तर खुशाल हसा. मला मात्र ते सांगताना अजून जड जातं.

*

प्रदर्शन दोन जर्मन चित्रकारांचं होतं, उटे आणि डीटर. दोघंही सत्तरीच्या पुढचे. नवरा-बायको नव्हेत, पण उभं आयुष्य एकाच स्टुडिओत काढलेलं. चित्रं सगळी खिडक्यांची. नियम एकच: चित्रावर सही नाही, शेजारच्या पाटीवर दोघांचीही नावं. कुठलं कोणाचं ते कोणालाही सांगायचं नाही!

डीटर आलाच नाही. त्याचा कॅन्सर शेवटच्या टप्प्यात होता. उटे एकटीच आली. आमच्याकडे चित्रं लावायचं काम निखिल करतो. जन्म इथलाच, मला मावशी म्हणतो. पहिल्याच दिवशी त्याने तिला विचारलं, "जस्ट बिटवीन अस, यातली तुमची कुठली?"

"डीटरची एकच इच्छा उरली आहे," उटे म्हणाली. "एकाही माणसाला ते ओळखता येऊ नये. तू आत्ताच विचका करणार का?"

निखिल पुन्हा खिळे ठोकायला लागला.

*

ओपनिंगला एक गृहस्थ आले. कोट बघूनच कळत होतं की घेणारं गिऱ्हाईक आहे. दोन चित्रांसमोर बराच वेळ घुटमळले आणि मग आमच्या मालकिणीला, मार्गारेटला, बाजूला घेऊन म्हणाले, "यातलं त्या आजारी आर्टिस्टचं असेल ते द्या."

चित्रकार गेला की चित्राचा भाव चढतो, हे आमच्या धंद्यात शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मला शरमेने मान वर करवेना. उटे त्यांच्या मागेच उभी होती.

"आजारी आम्ही दोघंही आहोत," ती म्हणाली. "मला फक्त चालता येतं, एवढंच."

*

एका रविवारी आमच्या महाराष्ट्र मंडळाची मंडळी आली. नेपरविल, शॉमबर्ग अशा उपनगरांतून, जेवण डेव्हन रस्त्यावरच्या देशी हॉटेलात उरकून. बाहेर बर्फाचा चिखल, आत पांढराशुभ्र फ्लोअर. देशपांडे काकूंनी दारातच बूट काढले. मग काय, एकाने काढले की सगळ्यांनीच! मागून एक अमेरिकन जोडपं आलं. बुटांची रांग बघून त्यांना वाटलं, आर्टिस्टची अटच असेल. त्यांनीही काढले. संध्याकाळपर्यंत जो आला तो मोज्यांवर!

मार्गारेट धावत माझ्याकडे आली. "सुनीता, कोणी घसरलं तर?"

उटेने तिला थांबवलं. "राहू दे. बूट काढलेला माणूस लगेच निघत नाही."

त्याच दिवशी मी देशपांडे काकूंना तो सहीचा नियम समजावून सांगितला. वाटलं होतं, बुचकळ्यात पडतील. कसलं काय! "त्यात काय एवढं?" काकू म्हणाल्या. "आम्ही तिघी जावा दिवाळीचे लाडू वळायचो. कुठला कोणी वळला ते आम्हाला कळायचं, पण सांगायचं नसतं गं. घर फुटतं."

निखिलने ते उटेला इंग्रजीत सांगितलं. तिने काकूंचा हात हातात घेतला, आणि सोडेचना.

*

एकदा डीटरला व्हिडिओ कॉलवर प्रदर्शन दाखवलं. निखिल फोन धरून एकेका चित्रासमोर सावकाश फिरत होता. पडद्यावर उशी आणि उशीत रुतलेला चेहरा.

"थांब," डीटर एका चित्रापाशी म्हणाला. "हे वाकडं कोणी लावलं?"

"सॉरी सर, मी."

"छान दिसतंय. राहू दे." मग थोडा दम खाऊन त्याने विचारलं, "कोणी ओळखलं का रे?"

"नो वन, सर. मी रोज ट्राय करतोय."

"अजून कर," डीटर म्हणाला आणि त्याने डोळे मिटले.

मी मागच्या खोलीत जाऊन रडून घेतलं. कोण कुठला माणूस, पण रडू आवरेना.

*

प्रदर्शनाच्या शेवटच्या आठवड्यात डीटर गेला. दुसऱ्या दिवशी उटे नेहमीच्या वेळेला हजर. त्या कोटवाल्या गृहस्थांचाही फोन आलाच! मार्गारेट वाईट बाई नाही, पण गॅलरी चालवायची म्हणजे तिलाही चार गोष्टी बघाव्या लागतात. ती चाचरतच म्हणाली, "उटे, डीटर आता नाही. मग तो नियम तरी कोणासाठी पाळायचा?"

"नियम दोघांचा होता," उटे म्हणाली. "मोडायचा तर त्याला विचारायला हवं."



*

शेवटच्या दिवशी चित्रं उतरवायची होती. निखिल खोकी आणायला खाली गेला होता. उटे माझ्या डेस्कशी आली.

"तू रोज इथे बसलीस," ती म्हणाली. "मनात अंदाज केलाच असशील. सांग, यातलं डीटरचं कुठलं?"

मी गडबडले. अंदाज केला होता, खोटं कशाला बोलू! कोपऱ्यातली ती छोटी खिडकी, अर्धवट उघडी, आत दिव्याचा पिवळा उजेड. डीटर गेल्याचं कळलं त्या दिवशी मी त्या चित्रासमोरच जाऊन उभी राहिले होते.

"ते," मी बोट दाखवलं. "शंभर टक्के."

उटे चित्राजवळ गेली. वाकून नीट बघितलं.

"अगं, हे तर माझं आहे!" तिच्या तोंडून निघून गेलं. आणि मग ती हसायलाच लागली. इतक्या दिवसांत तिला एवढं मोकळं हसताना मी पाहिलं नव्हतं. हसता हसता डोळे पुसले, पर्स उघडली आणि फोन काढला.

"थांब हं," ती म्हणाली, "हे आधी डीटरला सांगते."