सवतीवरचा आळ

आमचे काका घड्याळं दुरुस्त करायचे. दुकानात दिवसभर तोंडातून चकार शब्द नाही. साठलेलं सगळं बोलणं संध्याकाळी परसातल्या गाईपाशी. ते तिला बाईसाहेब म्हणायचे. काकू तिला ‘माझी सवत’ म्हणायची, आणि ते काही निव्वळ गमतीनं नव्हतं.

एकदा काकांना ताप चढला, पोटात मुरडा, सांधे धरलेले. डॉक्टरांनी विचारलं, दूध कसं पिता? काका अभिमानानं म्हणाले, धारोष्ण. झालं! कच्च्या दुधातून माणसालाही होणाऱ्या गुरांच्या तापाचे मेलेले जंतू प्रयोगशाळेत काकांच्या रक्तात मिसळून बघितले, तर लगेच गुठळ्या धरल्या. म्हणजे दुखणं गाईकडूनच आलं. काकूचा चेहरा असा काही खुलला, की नवरा आजारी आहे याची आठवण करून द्यावी लागली. दुसऱ्याच दिवशी तिनं गाईला गिऱ्हाईक शोधलं. काका भिंतीकडे तोंड करून पडले, जेवेनात. मला काकूचा असा संताप आला म्हणून सांगू!

मी हट्टाला पेटले: गाईचंही रक्त तपासा. ते निघालं स्वच्छ. मग प्रयोगशाळेतल्या बाईंनी काकांचं शौच तपासलं, आणि खरा चोर सापडला. भलताच जंतू! गुरांच्या तापाशी नातंगोतं काही नाही, फक्त अंगावरचं आवरण हुबेहूब तसंच. बाई म्हणाल्या, रक्तातले शिपाई तोंड बघत नाहीत, सदरा बघून धरतात. शिवाय हा गडी थंडीत मरत नाही, उलट मजेत वाढतो.

आता आमच्या घरात थंडी एकाच ठिकाणी, काकूच्या फ्रिजमध्ये. ‘आत ठेवलं की बिघडत नाही’ हा तिचा कायदा. अर्धवट शिजलेलं मांस तिथे आठवडा आठवडा मुक्कामाला असायचं, आणि काका बिचारे ते गारच खायचे.

हे ऐकून काकू फ्रिजकडे बघत म्हणाली, “म्हणजे मीच यांना...”

काका उठून बसले. मला वाटलं, आता इतक्या वर्षांचं उट्टं काढणार.

“त्या लॅबवाल्यांना काय कळतंय,” ते म्हणाले. “गाईनंच केलं असणार. देऊन टाक तिला.” शेवटच्या शब्दाला त्यांचा आवाज चिरकला.

काकूनं नाक पुसलं, दारात दोर घेऊन उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला वाटेला लावलं आणि परत आली.

“अहो, गप पडा,” ती म्हणाली. “तुम्हाला धड खोटंसुद्धा बोलता येत नाही. ती कुठं जात नाहीये. दूध मात्र उकळूनच मिळेल.”