डेलमस लॅडनरची साक्ष

आमच्या गावच्या उडत्या तबकडीच्या जत्रेत शनिवारी बँकेच्या दारात परग्रहवाल्याचा दोन मजली हिरवा फुगा उभा राहतो. डोळे परातीएवढे. त्याच्या मांडीवर पोरं बसवून आया फोटो काढतात. मला त्या फुग्याची शिसारी येते. मुळात डेलमसनं हिरवा म्हटलंच नव्हतं, आणि त्याला उचलून नेणाऱ्यांना डोळे नव्हते हे तो पहिल्या दिवसापासून सांगतोय. पण बिनडोळ्यांची बाहुली घेणार कोण?

डेलमस माझा मावसभाऊ. मिसिसिपी राज्याच्या या किनाऱ्यावर लॅडनर आडनावाचे पैशाला पासरी, त्यातलाच हा एक, गोदीत वेल्डिंग करणारा, कमी बोलणारा. १९७४च्या ऑक्टोबरात, सव्वीस वर्षांचा असताना, तो संध्याकाळी नदीवर गळ टाकायला गेला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी अनवाणी शेरीफच्या कचेरीत येऊन बसला. तबकडी उतरली, मला उचलून नेलं, असं त्यानं सांगितलं. शेरीफनं पेपरवाल्यांना बोलावलं. मग पुस्तकं निघाली, टीव्हीवाले आले. पुढं देशात कुठंही कुणाला तबकडीनं उचललं, की तो माणूस आमच्या डेलमसच्याच शब्दांत बोलायचा. नुसते डोळे तेवढे दर खेपेला मोठे व्हायचे.

डेलमसला यातलं काही नको होतं. त्याचा बाप आमच्या बॅप्टिस्ट चर्चचा डीकन होता, आजोबाही. डीकन म्हणजे मंडळीचा विश्वासाचा माणूस, प्रभुभोजनाची थाळी फिरवणारा. त्याला तेवढंच व्हायचं होतं. आमच्याकडे रविवारी कुणीही उठून आपल्याला आलेल्या देवाच्या अनुभवाची साक्ष देतो. बडी नेकेझनं सांगितलं, की येशू ट्रकमध्ये त्याच्या शेजारी येऊन बसला आणि हातातली बाटली काढून घेतली. सगळ्या बाकांवरून ‘आमेन’ आलं आणि पुढच्या वर्षी बडी डीकन झाला. डेलमस उठला, की तेव्हाचे पास्टर म्हणायचे, “ब्रदर डेलमस, बसा. हे इथं नको.” मी पन्नास वर्षं तिथं पियानो वाजवतेय. आमेन म्हणायला माझी जीभ काही झडली नसती. मीही कधी म्हटलं नाही.

गेल्या वसंतात नवे पास्टर, कॉर्बिन, डेलमसच्या ओसरीवर आले. हातात बायकोनं केलेली, पीचचं सारण भरलेली पेस्ट्री. मी तिथंच शेंगा सोलत बसले होते.

“ब्रदर डेलमस, यंदा जत्रेच्या रविवारी साक्ष तुमची. लगेच तुमच्यावर हात ठेवून प्रार्थना करायची आणि तुम्हाला डीकन करायचं, असं ठरलंय.”

“म्हणजे माझ्यावर विश्वास बसला तुमचा?”

“लोक लांबून येणार आहेत हो. बाहेर मोठा पडदाही लावतोय.”

“मी ते विचारलं नाही.”

पास्टर हसले. “थोडं डोळ्यांचं सांगितलंत तर बरं. पोरांना आवडतं.”

ते गेल्यावर मी म्हटलं, “डेल, नाही म्हणून सांग. माकड करतील तुझं.”

“ते तर कधीच केलंय,” तो म्हणाला. “बाबांच्या जागी उभं राहायचंय गं मला.”

त्या रविवारी चर्चमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. निम्म्या डोक्यांवर परग्रहवाल्यांच्या शिंगांसारख्या स्प्रिंगा डुलत होत्या. बडीनं तोंडाला आणि हातांना हिरवा रंग फासला होता, आणि त्याच हातांनी त्यानं प्रभुभोजनाची थाळी धरली होती.

डेलमस बापाचा कोट घालून उभा राहिला. “त्यांना डोळे नव्हते,” तो म्हणाला. “त्यांनी मला थंडगार फळीवर उताणं टाकलं. कपडे काढले. सगळीकडून हात लावले. मी आईला हाका मारत होतो. कुणी आलं नाही. परत आल्यावर, तू बरा आहेस का, एवढं कुणी विचारलं नाही. झालं माझं.”

“डोळ्यांचं सांगा की, आजोबा,” मागून कुणीतरी म्हणालं. हशा पिकला.

पास्टरांनी घाईघाईनं डीकनना पुढं बोलावलं. आठ जणांनी त्याला घेरलं, कुणी खांद्यावर हात ठेवला, कुणी डोक्यावर. बडीची हिरवी बोटं त्याच्या कपाळावर. सगळीकडे फोन वर झाले. डेलमस मागं सरकायला बघतोय हे मला दिसलं आणि मी वाजवायची थांबले.

“हात काढा,” तो म्हणाला.

“ब्रदर डेलमस, प्रार्थना चालू आहे.”

“हात काढा म्हटलं ना.”

एकाचाही हात निघाला नाही. मी पियानो सोडून धावले, पण फोन धरून उभ्या माणसांतून वाट मिळेना. तेवढ्यात शहात्तर वर्षांच्या डेलमसनं मोठ्यानं आईला हाक मारली. मग पुन्हा एकदा.

लोकांना वाटलं, तो करून दाखवतोय. त्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या.