वीस मिनिटांचं चिकन

कारखान्यात त्यांना मिनिटसाहेब म्हणत. म्हणजे तोंडावर साहेब, आणि पाठ वळली की नुसतं मिनिट. पंपाचे सुटे भाग बनवणाऱ्या त्या कारखान्यात त्यांनी चौतीस वर्षं एकच काम केलं. दुसरे लोक काम करत असताना त्यांच्या मागे उभं राहायचं आणि वेळ मोजायचा. गळ्यात स्टॉपवॉच, हातात पुठ्ठ्याला चिमटा लावून बसवलेला कागद. मशीन सुरू झालं की कळ दाबायची, भाग तयार होऊन खाली पडला की पुन्हा दाबायची आणि आकडा लिहायचा. स्वतः त्यांनी मशीनला कधी हात लावला नाही, त्यामुळे त्यांचा आकडा नेहमी स्वच्छ येई.

लेथ मशीनवरच्या एका जुन्या कारागिराने एकदा त्यांना छेडलं होतं. "साहेब, कोठारातून लोखंड मी आणतो. हत्याराला धार मी लावतो. आधीच्या पाळीने करून ठेवलेला राडा मी काढतो. हे कुठे लिहिता तुम्ही?"

"ती तयारी," साहेबांनी शांतपणे समजावलं. "ती कामात धरत नाहीत."

कारागीर लोखंड आणायला निघून गेला.

निवृत्त झाल्यावर साहेबांचं सगळं खातंच हातचं गेलं, गळ्यातलं स्टॉपवॉच तेवढं राहिलं. डोळ्यांसमोर काम करणारं माणूस आता एकच उरलं होतं, बायको. स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून ते पेपर वाचत, आणि मधूनच म्हणत, "एक कांदा चिरायला चार मिनिटं?" किंवा, "तू या कपाटाकडे सहाव्यांदा गेलीस." बायको काही बोलत नसे. एकतीस वर्षांच्या संसारात तिने न बोलण्याचं काम चांगलंच अंगवळणी पाडलं होतं.

अशात तिच्याकडे एक नोकरी चालून आली. चष्म्याचा नंबर काढायला ती कोपऱ्यावरच्या डोळ्यांच्या दवाखान्यात गेली होती. तिथे दोन तास ताटकळत बसावं लागलं. समोरच्या टेबलावर पेशंटांच्या कार्डांचा नुसता बाजार मांडलेला. लग्नाआधी ती एका कचेरीत फायली सांभाळायची. तिच्याने राहवेना. तिने उठून ती कार्डं आडनावाप्रमाणे लावून टाकली. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, टेबल बघितलं आणि तिचा नंबर काढायचा सोडून विचारलं, "तुम्ही आमच्याकडे बसाल का? आठवड्यातून तीन दिवस, दुपारी दोन ते साडेसात."

तिला ती नोकरी हवी होती. इतकी हवी होती की चार दिवस तिने हे घरात कुणाला सांगितलंच नाही.

पाचव्या दिवशी सांगितलं. साहेब काही जुन्या वळणाचे नव्हते, निदान त्यांचं स्वतःचं तरी तसं मत होतं. ते म्हणाले, "जा की. फक्त रात्रीच्या जेवणाचं काय?" आणि ती काही बोलायच्या आत त्यांनीच उत्तर दिलं. "मी करतो. आहे काय त्यात एवढं?"

परगावी राहणाऱ्या मुलीने फोनवर एक व्हिडिओ पाठवला. वीस मिनिटांत चिनी पद्धतीचं चकचकीत चिकन. सोया सॉस, मध, व्हिनेगर, आलं, लसूण, वर भुरभुरलेले तीळ. एक गोरागोमटा तरुण ओट्यापाशी उभा राहून हसतहसत एकेक वाटी कढईत रिकामी करत होता, आणि शेवटी चिकनवर अशी झिलई चढत होती की त्यात तोंड पाहावं. साहेबांनी तो व्हिडिओ तीनदा पाहिला, कागदावर टप्पे पाडले, टप्प्यांपुढे मिनिटं लिहिली. वाट्या कुणी भरून ठेवल्या होत्या हे त्यात कुठेच नव्हतं, आणि साहेबांनाही तो प्रश्न पडला नाही.

"शुक्रवारी करून दाखवतो," त्यांनी जाहीर केलं. "जमलं तर तू शनिवारी होकार कळव. नाहीच जमलं तर मग बघू."

बायकोने कागदावरचे टप्पे वाचून घेतले. त्या घरात 'मग बघू' म्हटलेली एकही गोष्ट पुढे कुणी पाहिलेली नव्हती.

शुक्रवारी दुपारी साहेब झोपले तेव्हा ती कामाला लागली. सकाळीच फ्रीझरमधून काढून ठेवलेलं चिकन तिने धुतलं, पुसून कोरडं केलं, एकसारखे तुकडे केले. लसणाच्या अकरा पाकळ्या सोलून बारीक चिरल्या, आलं किसलं, सुरीला धार लावली, कांद्याची पात चिरली. सॉस कालवला. तांदूळ धुऊन, पाणी मोजून शेगडीवर चढवून ठेवले. मग सगळ्या वाट्या डावीकडून उजवीकडे, कागदावरच्या टप्प्यांच्या क्रमाने मांडल्या. व्हिडिओत अशाच मांडलेल्या होत्या, तेव्हा साहेबांना त्यात वावगं काही दिसलं नाही.

सात वाजता त्यांनी कळ दाबली. बायको दारात उभी राहिली. "गॅस जरा कमी," एवढंच एकदा म्हणाली, तेही हळू. अठरा मिनिटं चाळीस सेकंदांनी चकचकीत चिकन ताटात होतं, आणि चवीलाही फक्कड होतं. साहेबांनी आकडा लिहून खाली सही केली, जेवायच्या आधी मुलीला फोन लावला आणि सांगितलं, "तुझ्या आईचा अर्धा दिवस कुठे जातो, हे काही मला कळत नाही बुवा."

आई पलीकडेच वाढत होती. शनिवारी सकाळी ती जाऊन होकार कळवून आली.

सोमवारी ती पावणेदोनला निघाली. साडेपाचला साहेब चहा करायला म्हणून स्वयंपाकघरात गेले आणि ओट्यापाशी थबकले. ओटा लख्ख होता. वाट्या कपाटात होत्या, रिकाम्या. चिकन फ्रीझरमध्ये होतं आणि दगडासारखं होतं.

ते त्यांनी बाहेर काढलं आणि सवयीने कळ दाबली. पुढे जे काही झालं त्या गडबडीत ती बंद करायचं राहून गेलं.

गरम पाण्याखाली धरलेलं चिकन बाहेरून पांढरं पडलं आणि आतून बर्फच राहिलं. कापताना सुरी घसरली आणि डाव्या हाताचं बोट कापलं. चिकटपट्टी शोधण्यात दहा मिनिटं गेली, कारण ती औषधांच्या डब्यात नव्हती, बायकोने नेहमी लागते म्हणून चमच्यांच्या खणात ठेवली होती. ही गोष्ट साहेबांना आज कळली. लसणाची सालं बोटांना चिकटली, बोटांवरून चष्म्याला चिकटली. मध बरणीत थिजून बसला होता. सॉस कढईत ओतून ते ताट घ्यायला वळले तेवढ्यात झिलई चढली, पुढे गेली, आणि डांबर होऊन कढईच्या बुडाला बसली. कढई घासायला घेतली तर भाताचं पाणी उतू जाऊन शेगडी विझली.

कढई घासताघासता त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. शुक्रवारच्या त्या वाट्या. लेथवरचा तो कारागीर समोर येऊन उभा राहावा तसा आठवला, आणि साहेबांना लाज वाटली. साधीसुधी नाही, कान तापण्याइतकी. एकतीस वर्षं, दिवसातून दोन वेळा, असा हिशेब त्यांनी तोंडी मांडायला घेतला. गणितं त्यांना एरवी आवडत. हे त्यांनी अर्ध्यातच सोडलं.

त्यांनी उरलेलं चिकन घेतलं, दुसऱ्यांदा लसूण सोलला, दुसऱ्यांदा सॉस कालवला आणि कढईवरून नजर हलवली नाही. पानं मांडून झाली तेव्हा त्यांचं लक्ष गळ्यातल्या घड्याळाकडे गेलं. ते चालूच होतं. दोन तास बारा मिनिटं. त्यांनी ते शर्टाच्या आत सोडलं आणि तेवढ्यात बेल वाजली.

बायको आली ती बोलतबोलतच. एका म्हाताऱ्याने आधीच्या पेशंटचं ऐकून तक्त्यावरची सगळी अक्षरं पाठ करून ठेवली होती, आणि आत गेल्यावर भिंतीवरच्या कॅलेंडराकडे बघून धडाधड म्हणून दाखवली. सांगताना ती स्वतःशीच हसत होती. इतकं बोलताना साहेबांनी तिला बऱ्याच वर्षांत ऐकलं नव्हतं. ती हात धुऊन बसली, पहिला घास घेतला.

"छान झालंय," ती म्हणाली. "किती वेळ लागला?"

चौतीस वर्षांत मिनिटसाहेबांनी एकही आकडा फिरवला नव्हता. मालकाच्या मेहुण्यासाठीसुद्धा नाही.

"वीस मिनिटं," ते म्हणाले.

"बरं झालं बाई. डॉक्टरीणबाई विचारत होत्या, तीनच्या ऐवजी सहाही दिवस जमेल का. मी म्हटलं, घरी विचारून सांगते. वीसच मिनिटांचं काम असेल तर काही अडचण नाही, नाही का?"

हे म्हणताना ती कचऱ्याच्या डब्याकडे बघत होती. डबा लसणाच्या सालांनी ओसंडत होता. तिथून तिची नजर काळ्या कढईवर गेली, आणि कढईवरून साहेबांच्या बोटावरच्या चिकटपट्टीवर. तिच्या चेहऱ्यावर काही म्हणजे काही नव्हतं.

तिला सगळं कळलंय, हे साहेबांना कळलं. आत्ता खरा आकडा सांगितला तर ती "मग राहू दे" म्हणेल, हेही कळलं. तो तोंडाशी आलाही होता. आठवड्यातून सहा दिवस म्हणजे सहा कढया घासायच्या. पण तिने दवाखान्यातली नावाची पट्टी अजून काढली नव्हती. ती साडीला तशीच लावलेली होती, आणि जेवताना मधेच तिचा हात पट्टीकडे जाऊन ती सरळ करत होता.

"कळव हो म्हणून," ते म्हणाले.

"नक्की ना?"

"नक्की."

तिने ताटातलं चिकन भातात कालवलं. मग म्हणाली, "दुपारी निघायच्या आधी मी चिरून-बिरून ठेवत जाईन. मला काय, एवढंसं तर असतं."

"नको. तुला पावणेदोनला निघायचं असतं." साहेबांनी तिच्या ताटात भात वाढला. "ते मी करेन. तू फक्त जाताना एवढं सांगून जा, की चिकन फ्रीझरमधून कधी बाहेर काढायचं."