साडूंचं प्रावरण

पायाखालच्या जमिनीवर माझ्या साडूंइतका जीव लावणारा माणूस अख्ख्या अमिरातीत शोधून सापडणार नाही. बाकीचे इथे उंच इमारती बघायला येतात; हे गृहस्थ वीस वर्षं दुबईत राहिले, पण त्यांचं सगळं लक्ष भूकवचाच्याही खाली, प्रावरणाच्या वरच्या थरात. नॅशनल डेच्या आतषबाजीला सगळी गर्दी माना वर करून उभी असायची, तेव्हा साडू उकिडवे बसून फरशीवर तळहात टेकवायचे. त्यांची मुलगी चार पावलं लांब सरकून म्हणायची, "आय डोन्ट नो हिम." जेवायला बोलावलं तर पोळीवर पोळी रचून पृथ्वी समजावत. "मोठा स्फोट झाला की लाट खाली प्रावरणात शिरते, वळते आणि शेकडो किलोमीटरवर पुन्हा वर येते. किती वेळात आली, त्यावरून खालचा दगड किती तापलाय ते कळतं." एवढं होईतो आमटी गार झालेली असे. माझी बायको, म्हणजे त्यांची मेव्हणी, म्हणे, "भावोजी, वरची पोळी तरी खाऊन घ्या."

नोकरी मात्र तेल शोधणाऱ्या कंपनीत. तेलाच्या खालून येणाऱ्या लाटांशी तिथे कुणाला देणंघेणं नव्हतं. पण जबल अलीच्या गोदामात कंपनीच्या जुन्या टेपांची खोकी पडून होती. कुणी एके काळी वाळवंटात मोठमोठे सुरुंग उडवले होते आणि दूरदूरच्या यंत्रांनी त्यांच्या लाटा या टेपांवर नोंदवल्या होत्या. "असे स्फोट आता कुणी करणार नाही, करूही नयेत. म्हणून तर या टेप हव्यात," साडू सांगत. दर वर्षी ते अर्ज करत आणि दर वर्षी साहेब म्हणत, "इन्शाल्ला." निवृत्तीला महिना राहिला असताना साहेबांचा फोन आला. "हबीबी, गोदाम खाली हो रहा है. गुरुवार तक ले जाओ, फिर खलास."

बुधवारी मी रजा टाकली, गाडीच्या मागच्या सीट पाडल्या आणि आम्ही निघालो. साडूंनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. वाटेत ते एक शब्द बोलले नाहीत, आणि हे आमच्या ओळखीत पहिल्यांदाच घडत होतं. गोदामात शिरताच भट्टीसारखी धग अंगावर आली. वॉचमन म्हणाला, "एसी तो दो साल से बंद है, साब." साडूंनी पहिलं खोकं उघडून टेपचं टोक ओढलं. ती उलगडेना, थराला थर चिकटला होता. जोर लावला तेव्हा वरचा लेप सुटून त्यांच्या बोटांवर तपकिरी भुकटी आली. दुसरं खोकं तसंच. तिसरंही. त्यांनी एकूण एक खोकं उघडलं. दुपारी, त्यांचा शर्ट सकाळी पांढरा होता हे सांगूनही कुणाला पटलं नसतं. मग ते एका खोक्यावर बसले.

"चूक माझी आहे," ते म्हणाले. "इतकी वर्षं अर्ज लिहीत राहिलो. एकदा येऊन दार उघडून बघितलं नाही."

खोकी फेकून द्यायला हरकत नाही, अशा वॉचमनने पुढे केलेल्या कागदावर त्यांनी सही केली. शेवटच्या खोक्याच्या तळाशी एक वही निघाली होती, तेवढी घेऊन आम्ही परतलो. गाडीत त्यांनी ती उघडली. सुरुंग उडवणाऱ्याने सुबक अक्षरात प्रत्येक स्फोटाची वेळ लिहून ठेवली होती, सेकंदासकट. "बघा," ते म्हणाले, "लाट निघाली कधी ते सगळं आहे. पोहोचली कधी, तेवढंच गेलं." मग त्या वेळा ते एकेक करून मोठ्यानं वाचू लागले. ऊद मेथाला, त्यांच्या घराकडे जायचं वळण आलं तेव्हा बरीच पानं शिल्लक होती. मी वळलो नाही. गाडी तशीच सरळ पुढे नेली.