लीडर सरांची फुटबॉल टीम

लीडर सर कधी मैदानात उतरत नसत. त्यांचे बूट पांढरे होते, आणि ते पांढरेच राहावेत म्हणून त्यांनी जेवढी मेहनत घेतली, तेवढी आम्हा मुलींच्या खेळासाठी कधी घेतली नाही. शाळेच्या व्हरांड्याच्या खालच्या पायरीवर उभे राहून ते हात हलवत ओरडायचे, "पास दो, पास! लीडर बनो!" चेंडू त्यांच्याकडे घरंगळत आला की चटकन वरच्या पायरीवर चढायचे. ते आमचे फुटबॉलचे सर होते, पण चेंडूला पाय लावताना मी त्यांना एकदाही पाहिलं नाही.

'लीडर सर' हे नाव अर्थातच आम्ही ठेवलेलं. गोंदियाजवळच्या आमच्या हायस्कूलमध्ये त्यांनी मुलींची टीम सुरू केली, तीच मुळी 'नेतृत्व आणि समाज' अशा भारदस्त नावाच्या उपक्रमाखाली. "फुटबॉल हा पायांचा खेळ नाही, नेतृत्वाचा आहे," हे वाक्य ते पाहुण्यांसमोर म्हणायचे, पालकांसमोर म्हणायचे, आणि कोणीच नसलं तर आमच्यासमोर. "हम सब एक परिवार हैं," हे त्याच्या पाठोपाठ. या परिवारातल्या मुलींची नावं मात्र त्यांना ठाऊक नव्हती. जर्सीच्या नंबरावरून हाक मारायचे. कोणाची जर्सी धुऊन वाळलेली नसली, तर ती मुलगी त्या दिवशी त्यांच्या लेखी आलेलीच नसायची.

चेंडू आणि जर्सी त्यांनीच खटपट करून मिळवल्या, हे खरं. तेवढं श्रेय देते. खेळायला आम्ही एकमेकींकडूनच शिकलो.

प्रमिला आमची गोलकीपर. विमानतळाजवळच्या बिरसी गावची. तिचे वडील कामासाठी हैदराबादला, घरी ती आणि आई. थोडी धानाची शेती दोघीच करायच्या. विमान शिकणारी पोरं दिवसभर डोक्यावरून घिरट्या घालत असल्यामुळे उंचावरून येणाऱ्या कशालाच आपण भीत नाही, असं ती सांगायची. आमगावला शाळांचे सामने होते. शेवटच्या मिनिटांत समोरच्या मुलीने जोरात चेंडू मारला, प्रमिलाने झेप घेऊन तो अडवला आणि ती मुलगी धावत्या वेगातच तिच्या हातावर पडली. आम्ही जिंकलो. प्रमिलाचं मनगट बघताबघता सुजलं.

सर त्या दिवशी पहिल्यांदा मैदानात आले. मला वाटलं, हात बघायला आले. खाली वाकून हळू आवाजात म्हणाले, "घरी सांग, सायकलवरून पडली. मॅचमध्ये लागलं कळलं तर उपक्रम बंद पडेल. लीडरला त्याग करावा लागतो." मग शर्ट नीट खोचून ते बक्षीस घ्यायला मंचाकडे गेले. आम्ही तिघी प्रमिलाला ऑटोत घालून सरकारी दवाखान्यात गेलो. हाड मोडलं होतं. प्लास्टर घालताना तिने माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठले.

घरी पोचवायला मीही गेले. आईने दारातच विचारलं, "काऊन वं, का झालं हाताले?" मी प्रमिलाकडे पाहिलं.

"बॉल अडवता अडवता पडली," ती म्हणाली. "सर म्हणत होते, सायकलवरून पडली म्हन. मी खोटं कायले बोलू?"

आई रागावली नाही. धानाची रोपं लावणीला आली होती. ती ओट्यावर बसली आणि म्हणाली, "आता रोवना कसा होईल बाई? पऱ्हे तयार होऊन राहिले."

त्या रविवारी आम्ही सगळी टीम बिरसीला गेलो. आमच्यातली एक, सराफाची मुलगी, कधी चिखलात उतरलेली नव्हती. पहिल्याच पावलात ती बसकण मारून पडली आणि सगळ्याजणी हसत सुटल्या. प्रमिलाची आई रोपांच्या जुड्या सोडून देत होती, कोणी खोल रोवलं की ओरडत होती, "असं नाही वं, बुडून जाईल ना ते!" दुपारपर्यंत आमच्या ओळी सरळ यायला लागल्या. वरणभात खाऊन पुन्हा उतरलो.

तेव्हा सर आले. बोलावलं कोणी नव्हतं. सोबत फोटोग्राफर. बांधीच्या धुऱ्यावर, शेताच्या कोरड्या बांधावर उभे राहून त्यांनी रोपांची एक जुडी हातात घेतली आणि आम्हाला मागे रांगेत उभं केलं. पळसाखाली बसलेली प्रमिलाही उठून आली, तेव्हा त्यांनी हात आडवा केला. "तू नको. प्लास्टर फोटोत चांगलं दिसत नाही."

फोटो पेपरात आला. मुलींना शेतकरी कुटुंबाच्या मदतीला आपणच पाठवलं, असं सरांनी त्यात सांगितलं होतं. प्रमिलाच्या आईने पेपर निरखून पाहिला आणि विचारलं, "हा मानूस कोन होय?"

पुढच्याच वर्षी त्यांना नागपूरच्या मोठ्या शाळेत बोलावणं आलं. आम्ही मात्र अजून एकमेकींना धरून आहोत; कोणाच्या घरी बाळंतपण असो की मयत, फोन जातो आणि टीम पोचते. सर हे आपल्या उपक्रमाचं फळ म्हणून नक्कीच सांगत असतील.

ते नागपूरला निघाले तेव्हाच्या निरोप समारंभात त्यांनी बराच वेळ भाषण केलं. मग मोठ्या बाईंनी टीमच्या वतीने बोलायला प्रमिलाला उभं केलं. ती माइकपाशी गेली. सर खुर्चीत पुढे सरकले, स्तुती ऐकायला माणूस सरकतो तसे.

"सर," ती म्हणाली, "तुमी कधी इचारलं नाही, म्हनून सांगून राहिली. माहा हात आता बरा आहे."

एवढं बोलून ती जागेवर येऊन बसली. बाई खाली बघत होत्या.

पहिली टाळी सरांनीच वाजवली.