पडली तर उचलणार कोण

लढाई होणार अशी चर्चा सुरू झाली तेव्हा आमच्या ह्यांनी मोटरसायकल घ्यायचं ठरवलं. वेळ आलीच तर मला मागे बसवून कच्च्या वाटेने, नदीच्या रेतीतून पिंजौरला मित्राकडे पोचता यावं, हा बेत. चंदीगडला बदली होऊन वर्षही झालं नव्हतं, आणि ह्यांना सगळ्यात जड, धडधडणारी गाडीच हवी होती.

जुन्या गाड्या विकणाऱ्या सरदारजींनी ती दुकानासमोर आडवी केली. म्हणाले, "उठाके दिखाओ जी."

हे लालबुंद झाले, गाडी हलली नाही.

मग त्यांनी एक हलकी गाडी आडवी केली. "अब आप, बहनजी."

मी चिडले. चालवणार हे, मी कशाला उचलू?

"ये नीचे दबे होंगे, तो कौन उठाएगा?"

मी पदर खोचला आणि गाडी उभी केली. तीच घेतली.

लढाईत कुठेच जावं लागलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात मात्र पिंजौरला सहज निघालो, तर रेतीत गाडी घसरली आणि ह्यांचा पाय खाली अडकला. मी पुन्हा पदर खोचला.

पाय सुटल्यावर हे म्हणाले, "सरदारजींना सांगू नकोस."

दुसऱ्याच दिवशी मी त्यांना पेढे देऊन आले.