भिंतीकडे तोंड करून बसणारे जनूकाका

“उघड ते फोल्डर! नायतर कॉम्प्युटरच उचलून नेतो!”

भगवानशेठ असे ओरडले, की भिवंडीच्या निजामपुऱ्यातले निम्मे लूम बंद पडले. हे मी आजही शपथेवर सांगतो. समोर जनूकाका शांतपणे बशीत चहा ओतत होते. “न्या की. पन मला ते उघडता येत न्हाय, शेठ.”

काकांचा टायपिंग-स्कॅनिंगचा गाळा माझ्या झेरॉक्सच्या दुकानाला लागून. आता काका नाहीत. गाळ्यात मोबाइलची कव्हरं लटकतात आणि माझ्या दुकानात बातम्या यायच्या बंद झाल्यात. काकांइतका बोलका माणूस भिवंडीत दुसरा झाला नाही. त्यांच्या कानात सांगितलेली गोष्ट रिक्षाने अंबाडीला न्यावी, तर तिथे ती शिळी झालेली असायची.

एकदा कुणाच्या तरी आजाराचा रिपोर्ट त्यांनी छापला, बोलता बोलता चौघांना सांगितला, आणि त्या माणसाच्या मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं. काका दोन दिवस जेवले नाहीत. ज्यांच्या ताटाला आम्ही परात म्हणायचो, ते काका. तिसऱ्या दिवशी कुठूनसं फोल्डरला कुलूप घालायचं शिकून आले. तेव्हापासून गिऱ्हाइकाने आपले कागद आपणच स्कॅन करायचे, पासवर्ड आपणच टाकायचा. तोवर काका खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून बसत. उत्सुकतेने पाठ अशी शिवशिवायची, की तिथे डोळे फुटतात की काय असं वाटावं. “मला दाखवू नको बाय. मला कल्लं म्हंजे गावाला कल्लं.” आणि वर दम, “पासवर्ड विसरलीस तर मीच काय, देव आला तरी उघडनार न्हाय. एक कॉपी दुसरीकडं ठेव.”

राहनाळच्या सुलभावहिनींनी हे नीट ऐकलं. त्या भगवानशेठच्या धाकट्या भावाची विधवा. गोदामाखालच्या जमिनीतला त्यांचा हिस्सा शेठना हवा होता. घरच्या कपाटातून वाटणीचे कागद नाहीसे झाले, पण त्याआधीच वहिनींनी ते काकांकडे स्कॅन करून ठेवले होते. वहिनी गाळ्यात येतात, एवढंच शेठना कळलं होतं. वहिनींकडे काय आहे हे कळल्याशिवाय हक्कसोडपत्रावर सही मागायची शेठना भीती. म्हणून तो आरडाओरडा.

त्या दिवशी शेठनी खरंच कॉम्प्युटर उचलला. चार दिवस त्यांच्या गोदामात भिवंडीचे, कल्याणचे, माझ्या अंदाजाने विलायतेचेही जाणकार घाम गाळत बसले. फोल्डर हूं की चूं करेना.

इकडे वहिनींनी पदराची गाठ सोडून पेन ड्राइव्ह काढला आणि माझ्याकडे कागद छापायला आल्या. त्यांनी पासवर्ड टाकला तेव्हा मीही भिंतीकडे बघितलं, आयुष्यात पहिल्यांदा. त्याच दुपारी ते कागद जोडून त्यांनी तलाठ्याकडे हरकत दाखल केली, की आपल्याला विचारल्याशिवाय जमिनीच्या नोंदीत काही बदलू नये. हिस्सा त्यांच्याच नावावर राहिला.

शेठनी कॉम्प्युटर आणून टेबलावर आपटला. “जनू, तुला सगलं ठाऊक होतं. जन्मभर गावभर बोंबलत फिरलास, आन् माझ्याच टायमाला तोंड शिवलंस?”

काका वाकून वायरी जोडत होते. वर न बघताच म्हणाले, “ठाऊक असतं शेठ, तर त्याच दिवशी तुमालाच सांगितलं असतं.”